चेन्नईतील आपत्ती आणि संदेशव्यवस्था : एम्डेनच्या तोफांपासून मोबाइलवरच्या इशाऱ्यापर्यंत

प्रस्तावना

दूरसंचार अभियांत्रिकी शिकवताना आपण संदेशाचा प्रवास एका साध्या आकृतीने दाखवतो : प्रेषक, माध्यम, ग्राहक आणि मध्ये येणारा गोंगाट. परीक्षेत ही आकृती पाच गुणांना येते आणि विद्यार्थी ती बिनचूक काढतात. पण आपत्तीच्या वेळी हीच आकृती माणसांच्या जिवाशी जोडली जाते, हे वर्गात सांगायचे बहुधा राहून जाते. धरणावरच्या अभियंत्याला जे माहीत आहे ते नदीकाठच्या घरात कसे पोचते? घरात अडकलेल्या माणसाची हाक बोटीवरच्या जवानापर्यंत कशी जाते? आणि तिथे पोचेपर्यंत ती खरी राहते का?

या टिपणात आपण हे प्रश्न चेन्नई शहराच्या इतिहासातून पाहणार आहोत. चेन्नई निवडण्याचे कारण असे की शंभर वर्षांत या शहराने युद्ध, सुनामी, पूर आणि चक्रीवादळ ही सर्व संकटे पाहिली आणि प्रत्येक वेळी संदेशाचे साधन वेगळे होते. प्रत्येक घटनेच्या वेळी चार गोष्टी तपासा : आधी कोणाला कळले, त्याने कोणाला सांगितले, कोणत्या साधनाने सांगितले आणि ऐकणाऱ्याला त्यावर काय करता आले.

१. एम्डेनची रात्र

२२ सप्टेंबर १९१४. पहिले महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. रात्री साडेनऊच्या सुमारास 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका मद्रासच्या किनाऱ्याजवळ आली आणि तिने शहरावर तोफा डागल्या. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. सव्वाशेच्या आसपास गोळे टाकून नौका अंधारात निघून गेली. मनुष्यहानी थोडी झाली, पण पुढचे अनेक दिवस लोक शहर सोडून जात राहिले. एम्डेन पुन्हा येणार, या भीतीने आगगाड्यांना गर्दी लोटली.

त्या काळी मद्रासमध्ये संदेशाची साधने नव्हती असे नाही. तारयंत्र होते. जानेवारी १८८२ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याबरोबर मद्रासलाही टेलिफोन केंद्र सुरू झाले होते. परंतु ही साधने सरकार, लष्कर आणि व्यापारी यांच्यासाठी होती. सामान्य माणसाला अधिकृत माहिती मिळण्याचा मार्ग म्हणजे दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र, आणि ते वाचता येणारे थोडे. जिथे अधिकृत माहिती नसते ती जागा अफवा भरून काढते, हा आपत्तीशास्त्रातील नियम त्या आठवड्यात मद्रासने अनुभवला. तामिळ बोलीत 'एम्डन' हा शब्द धूर्त किंवा जबरदस्त माणसासाठी रूढ झाला तो या प्रसंगामुळेच.

२. बंदराचे बावटे आणि आकाशवाणी

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी मात्र इशाऱ्याची पद्धत आधीपासून होती. बंदरातील उंच खांबावर दिवसा ठरावीक आकारांच्या खुणा आणि रात्री दिवे लावून वादळाचा इशारा दिला जाई. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य आपल्या कोकणातही ओळखीचे आहे. या पद्धतीचा गुण असा की तिला अक्षरओळख लागत नाही, वीज लागत नाही आणि एकच खूण सर्वांना एकाच वेळी दिसते. दोष असा की ती फक्त बंदराजवळच्यालाच दिसते. आधीच समुद्रात गेलेल्या होडीला तिचा उपयोग नाही.

हा दोष रेडिओने बराच दूर केला. १९२४ मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने हौशी पातळीवर प्रक्षेपण सुरू केले. पैशाअभावी तो बंद पडल्यावर मद्रास महापालिकेने १९३० मध्ये हे काम हाती घेतले. पुढे १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर मच्छीमारांसाठीचा हवामानाचा इशारा होडीतही ऐकू येऊ लागला. एक प्रेषक आणि असंख्य ग्राहक, ग्राहकाला बॅटरीवर चालणारे साधे यंत्र पुरेसे, अशी ही रचना होती. ती लक्षात ठेवा. टिपणाच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

३. २६ डिसेंबर २००४ : माहिती होती, वाट नव्हती

त्या रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी सुमारे ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नईतही काही जणांना हादरा जाणवला. लाटा चेन्नईच्या किनाऱ्यावर आल्या त्या सकाळी नऊच्या आसपास. म्हणजे मध्ये सुमारे अडीच तास होते. मरीना किनाऱ्यावर तेव्हा सकाळी फिरायला आलेले लोक होते, मुले क्रिकेट खेळत होती, मच्छीमार वस्त्यांत नेहमीची कामे चालू होती. तामिळनाडूत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात.

अडीच तासांत माहिती कुठे होती? कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर पाणी शिरले होते आणि त्या तळाकडून मुख्य भूमीकडे संदेश आला होता, हे नंतर प्रसिद्ध झाले. हवामान खात्याने दिल्लीत पाठवलेला एक फॅक्स विद्यमान मंत्र्यांऐवजी माजी मंत्र्यांच्या घरी गेल्याची बातमीही वृत्तपत्रांत आली. या चुकीवर तेव्हा खूप टीका झाली. पण अभियंत्याने त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. समजा फॅक्स योग्य टेबलावर पोचला असता, तर? तिथून चेन्नईच्या किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत जाणारी पुढची कडीच अस्तित्वात नव्हती. हिंदी महासागरासाठी सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. फॅक्सच्या पत्त्यातली चूक ही या मोठ्या उणिवेचा फक्त दिसणारा भाग होती.

याच किनाऱ्यावर पाँडिचेरीजवळ नल्लवाडू नावाचे मच्छीमार गाव आहे. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने या भागातील गावांत माहिती केंद्रे सुरू केली होती. काही केंद्रांत समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि गावात ध्वनिक्षेपकावर सांगत. नल्लवाडूचा एक तरुण तेव्हा सिंगापूरमध्ये काम करत होता. त्याने सुनामीची बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावकऱ्यांनी केंद्राचे दार तोडले आणि ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनाऱ्यापासून दूर जायला सांगितले. सुमारे ३,६०० वस्तीचे गाव वाचले.

फोन तर अनेक गावांत आले असतील. नल्लवाडूत वेगळे काय होते? एक, फोन घेणाऱ्याकडे सर्वांना एकदम सांगण्याचे साधन होते. दोन, ते साधन रोजच्या वापरातले होते. गावाला त्या कर्ण्याची सवय होती, त्यावर विश्वास होता, आणि तो कुठे आहे व कसा चालू करायचा हे लोकांना ठाऊक होते. आपत्तीसाठी म्हणून कपाटात ठेवलेले यंत्र आपत्तीच्या दिवशी बहुधा चालत नाही. रोज वापरले जाणारे चालते.

४. हैदराबादचे केंद्र आणि २०१२ ची परीक्षा

२००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत भारतीय सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपमापक, किनाऱ्यावरचे भरतीमापक आणि खोल समुद्राच्या तळाशी बसवलेले दाबमापक यांची माहिती तिथे एकत्र येते. समुद्रातील या यंत्रांची देखभाल चेन्नईच्या पल्लिकरणै येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था करते.

११ एप्रिल २०१२ रोजी दुपारी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राचे पहिले पत्रक काही मिनिटांत निघाले. चेन्नईत इमारती हलल्या, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी मरीना किनारा रिकामा केला. मोठी सुनामी आली नाही, कारण या भूकंपात समुद्रतळ मुख्यतः आडवा सरकला होता, उभा उचलला गेला नव्हता. आठ वर्षांपूर्वी नसलेली पहिली कडी आता तयार झाली होती. शेवटच्या कडीची खरी परीक्षा अजून व्हायची होती, आणि ती समुद्राकडून आली नाही.

५. डिसेंबर २०१५ : क्युसेक म्हणजे काय?

नोव्हेंबर २०१५ मध्ये चेन्नईत १,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. जमीन आणि तलाव भरून गेलेले असताना १ डिसेंबरला पुन्हा अतिवृष्टी झाली. तांबरमला चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत सोडलेले पाणी सेकंदाला २९,००० घनफुटांपर्यंत, म्हणजे २९,००० क्युसेकपर्यंत गेले. सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट, मणपाक्कम, मुडिचूर अशा अनेक भागांत रात्रीतून पाणी चढले. विमानतळ ६ डिसेंबरपर्यंत बंद राहिला. काही विमाने अरक्कोणमच्या नौदलाच्या तळावरून सोडावी लागली. कामगार छापखान्यात पोचू न शकल्याने २ डिसेंबरला 'द हिंदू' चेन्नईत छापला गेला नाही. १८७८ पासून असे पहिल्यांदाच घडले. त्या पावसाळ्यात राज्यात चारशेहून अधिक माणसे दगावली.

पाणी सोडण्याच्या निर्णयावर पुढे मोठा वाद झाला. इशारे वेळेवर दिले होते, असे राज्य सरकारने सांगितले. २०१८ मध्ये विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तलावाच्या व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले. त्या वादात आपण इथे जाणार नाही. इशाऱ्याची भाषा मात्र पाहू. 'तलावातून इतके क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे,' अशा नमुन्याचे इशारे आपल्याकडे खडकवासला, कोयना, राधानगरीबाबतही दर पावसाळ्यात ऐकू येतात.

आकडेमोड करून पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. २९,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ८.२ लाख लिटर. चेन्नईकरांच्या ओळखीच्या भाषेत, दहा हजार लिटरचे ब्याऐंशी टँकर दर सेकंदाला. हे ऐकून भीती वाटेल, पण तरीही कोट्टूरपुरमच्या तळमजल्यावरच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. त्याला हवे असते ते इतकेच : माझ्या दारात पाणी येईल का, किती वाजता, आणि जायचे कुठे? क्युसेक ही तलावाची भाषा आहे, गल्लीची नाही. एका भाषेचे दुसरीत रूपांतर करण्यासाठी नदीच्या पात्राचा नकाशा, जमिनीची उंची आणि गणिती प्रारूप लागते. ते तयार नसेल तर इशारा देऊनही दिल्यासारखा होत नाही.

६. तक्ते, नकाशे आणि शिळे संदेश

वीज गेली तसे मोबाइलचे मनोरेही बंद पडू लागले. मनोऱ्याची बॅटरी काही तासच टिकते. पुढे जनित्र आणि डिझेल लागते, आणि डिझेल पोचवायला रस्ता लागतो. एका सेवेचे दुसरीवर असलेले हे अवलंबन नेटवर्कच्या आकृतीत दिसत नाही.

ज्यांच्याकडे नेटवर्क होते त्यांनी, आणि त्याहून अधिक बाहेरगावच्या लोकांनी, इंटरनेटवर एक समांतर नियंत्रण कक्षच उभा केला. मदत मागणारे आणि देऊ शकणारे यांचे सामायिक तक्ते तयार झाले. 'चेन्नईरेन्स' या संकेतस्थळावर ते एकत्र आले. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे कोणते रस्ते पाण्याखाली आहेत याचा नकाशा बनवला गेला. कोणीही आपल्या गल्लीवर बोट ठेवून ती लाल करू शकत असे. २००८ मध्ये केनियातील निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या वेळी 'उशाहिदी' या मंचाने जी कल्पना रुजवली, तीच इथे पुराला लावली गेली. नेटवर्क नसलेल्या भागांत हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, निरोप पोचवले. कोळी बांधव आपल्या होड्या घेऊन शहरात आले आणि त्यांनी अनेकांना बाहेर काढले. त्यांचे साधन म्हणजे मोठा आवाज आणि गल्लीतला वाटाड्या.

इथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. मी तेव्हा चेन्नईच्या दक्षिण भागातील एका महाविद्यालयात शिकवत होतो, पण त्या आठवड्यात पुण्याला घरी आलो होतो. विद्यार्थी तिकडे अडकलेले, मी इकडे फोन हातात घेऊन बसलेलो. मुडिचूरमधील एका वृद्ध जोडप्याला बोट हवी आहे, असा संदेश आला. सोबत पत्ता आणि फोन नंबर होता. मी तो पाच गटांत पाठवला आणि आपण काहीतरी केले असे समाधान वाटले. दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याकडून कळले की मला संदेश मिळाला त्याच्या आदल्या रात्रीच शेजाऱ्यांनी त्या दोघांना हलवले होते. एक बोट त्या रिकाम्या घरापर्यंत जाऊन आली होती. आणि त्या आजोबांच्या फोनवर चौकशीचे इतके फोन आले की बॅटरी संपली आणि परदेशातल्या मुलाला ते दीड दिवस 'आम्ही सुखरूप आहोत' हे सांगू शकले नाहीत.

संदेश खोटा नव्हता. तो शिळा होता. त्यावर वेळ नव्हती, तो कोणी तपासला ते नव्हते आणि काम झाल्यावर तो बंद करण्याची सोय नव्हती. मी दूरसंचार शिकवतो, तरी पुढे पाठवण्याआधी एक फोन करून पाहावा हे मला सुचले नाही; आणि सगळ्यांना ते सुचले असते तर ती बॅटरी आणखी लवकर संपली असती! म्हणूनच तपासणीचे काम एकाच जागी व्हावे लागते. तक्ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनाही हाच धडा मिळाला. त्यांचा बराच वेळ नवी मागणी नोंदवण्यात नव्हे, तर जुनी मागणी पूर्ण झाली का हे पाहण्यात गेला.

७. बचाव पथकाची बाजू

पथकाच्या नजरेने पाहू. अरक्कोणमला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. पुराच्या वेळी तिच्याबरोबर लष्कर, नौदल, अग्निशमन दल, पोलीस, महापालिका आणि स्वयंसेवक असे सगळे काम करतात. प्रत्येकाचा बिनतारी संच वेगळा, शब्द वेगळे, कधी भाषाही वेगळी. एकाच घराकडे तीन बोटी जातात आणि चौथ्या गल्लीत एकही जात नाही, ते धैर्य कमी पडते म्हणून नव्हे. सर्वांसमोर एकच चित्र नसते म्हणून.

हा अनुभव जुना आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यांत अनेक दले एकत्र आली, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही. त्यातून घटनास्थळी एकच आदेशसाखळी आणि समान शब्द वापरण्याची पद्धत जन्मली. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पोलीस हेलिकॉप्टरमधून दिसणारा धोका इमारतीतल्या अग्निशामकांपर्यंत नीट पोचला नाही. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये अशाच धर्तीची प्रतिसाद प्रणाली मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध केली. कागदावर प्रणाली होती. २०१५ मध्ये प्रश्न तिच्या सरावाचा होता. नल्लवाडूचा कर्णा आठवा.

८. पुढची पावले

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर माधव चितळे समितीने कारणांचा अभ्यास केला आणि शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले. चेन्नईत २०१५ नंतर तसेच प्रयत्न झाले. आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास आणि अण्णा विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'सीफ्लोज चेन्नई' ही पूर-पूर्वसूचना प्रणाली तयार झाली आणि २०१९ मध्ये कार्यान्वित झाली. पाऊस, नदी आणि भरती एकत्र घेऊन कोणत्या भागात किती पाणी चढेल हे सांगणे, हा तिचा हेतू. तलावाच्या भाषेतून गल्लीच्या भाषेत जाण्याचाच हा प्रयत्न आहे. मुंबईसाठी तशीच प्रणाली २०२० मध्ये सुरू झाली.

दुसरे पाऊल मोबाइलचे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात आणि तामिळनाडूतही सर्वांचे फोन एकदम मोठ्याने वाजल्याचे तुम्हाला आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. एसएमएस प्रत्येक नंबरला स्वतंत्र जातो, म्हणून गर्दीत रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये मनोरा एकच संदेश त्याच्या कक्षेतील सर्व फोनना देतो. नंबरांची यादी नको, रांग नको. म्हणजे तत्त्वाने हा आकाशवाणीचाच मार्ग आहे. मात्र मनोऱ्याला वीज हवी, हे बंधन तसेच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने ते पुन्हा दाखवून दिले. चेन्नईच्या दक्षिण भागात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले. कारापाक्कममध्ये अडकलेल्या विष्णू विशाल या अभिनेत्याने, गच्चीवरच्या एका विशिष्ट जागीच थोडे नेटवर्क मिळते आहे, असे एक्सवर लिहिले. अग्निशमन दलाची बोट आली. तिने त्यांना, तिथेच असलेल्या आमिर खान यांना आणि इतर रहिवाशांना बाहेर काढले. दलाने आपले काम चोख केले. पण ज्याचे लिहिणे लाखो लोक वाचतात त्याची हाक लवकर दिसते, आणि ज्याचा फोन बंद आहे तो नकाशावर उमटतच नाही. नकाशावर एकही लाल ठिपका नसलेला भाग सुरक्षित असेल किंवा पूर्णपणे तुटलेला असेल. शांततेचे हे दोन अर्थ वेगळे करणे हे नियंत्रण कक्षाचे सर्वांत अवघड काम आहे.

समारोप

एम्डेनच्या रात्री साधने थोडी होती आणि लोकांपर्यंत जात नव्हती. २००४ मध्ये माहिती होती, पण साखळी नव्हती. २०१५ मध्ये साधने भरपूर होती. पण इशारा गल्लीच्या भाषेत नव्हता आणि हाका तपासल्या जात नव्हत्या. म्हणजे साधन बदलले की प्रश्न संपत नाही, तो पुढच्या कडीवर सरकतो. अभियंत्याने यंत्र बनवताना त्याच्या पुढची कडी कोणाच्या हातात आहे, आणि त्या हातात त्या वेळी काय असेल, हे पाहावे. बुडालेल्या घराच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बहुधा दहा टक्के बॅटरी आणि स्वतःचा आवाज इतकेच असते.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळच्या धरणातून पाणी सोडल्याचा एखादा इशारा घ्या. तो तुमच्या घरापुरता, तीन वाक्यांत, क्युसेक हा शब्द न वापरता पुन्हा लिहा. कोणती माहिती कमी पडते ते नोंदवा.

२. मदत मागणाऱ्या संदेशाचा नमुना तयार करा. त्यात वेळ, तपासणी आणि 'काम झाले' ही नोंद कशी ठेवाल?

३. वीज आणि मोबाइल दोन्ही बंद असताना तुमच्या वसतिगृहातील सर्वांना पाच मिनिटांत इशारा द्यायचा आहे. रोज वापरात असलेली कोणती साधने उपयोगी पडतील? प्रत्यक्ष करून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहा.